माझं फडकं, तिचा मास्क

लग्न होऊन मी महाडजवळच्या नाते गावाहून पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत आले, तेव्हापासून नवऱ्याच्या पापण्यांवर धूळ बघते आहे. आमची काळ्या दगडाची खाण आहे. खाण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठाली यंत्रं आणि डंपरच्या रांगा येतात. आमची तशी नाही. वाडीमागे डोंगराच्या पोटात कापलेला एक उभा तुकडा, तिथं मोजकी माणसं हातानं दगड काढतात. दगडात ओळीनं भोकं पाडायची, त्यांत लोखंडी पाचरी बसवायच्या आणि घणानं त्या पाळीपाळीनं ठोकत जायचं. मग कधीतरी दगड आपल्या रेषेवर सुटतो. बायका कपच्या आणि डबर वाहून बाजूला टाकतात, पुरुष छिन्नीनं दगडाला कोन काढतात. जोत्याचे दगड, पायऱ्या, तुळशीवृंदावनं, कधी एखाद्या देवळाचा खांब. सासऱ्यांनी परवाना काढून खाण सुरू केली आणि माझ्या नवऱ्यानं मुंबईतली गोदामातली नोकरी सोडून ती पुढं चालवली.

धूळ उडते ती छिन्नीच्या कामात. पिठासारखी बारीक असते, अंगावर बसली की झटकून जात नाही. आमचे थोरले दीर याच धुळीनं घरी बसले. खाणीवर एकट्यानं पहार लावून दगड हलवणारा माणूस, आता पडवीतून न्हाणीघरापर्यंत जाताना मध्ये भिंतीला हात टेकून थांबतो. त्यांचा खोकला ऐकत मी रोज भाकऱ्या थापते. त्यामुळं नवऱ्याच्या मागे लागणं हे माझं कामच होऊन बसलं.

माझ्या आईच्या एका जुन्या मऊ लुगड्याची मी फडकी फाडली, त्यांना नाड्या शिवल्या. सकाळी एक फडकं ओलं करून, पिळून, डब्याबरोबर द्यायचे. तो ते न्यायचा आणि त्यानं मान पुसायचा.

"तोंड बांधून दगड घडत नाय गो," तो म्हणायचा. "जीव कोंडतो."

"मग निदान दगडावर पाणी तरी मारा. धूळ खाली बसेल."

"दगड काय रोप हाय, पाणी घालायला?"

खाणीवरची माणसं हसायची. मीपण हसायचे, दुसरं काय करणार? पण संध्याकाळी ती फडकी धुताना मला रडू यायचं. त्यांच्या नाड्यांना कधी गाठ पडलेली नसायची.

मग पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला. आमचा निम्म्याहून जास्त माल तोच घ्यायचा. त्याचं म्हणणं असं की हल्ली त्याची गिऱ्हाइकं विचारतात, दगड कुठला, कोणी काढला, लहान पोरांना राबवलं का, डोंगर पोखरून तसाच टाकून दिला का, सरकारचा पास होता का. बंगले बांधणारी शिकलेली माणसं. त्यांना पायरीच्या दगडाचीही कुंडली लागते. तेव्हा यापुढं दाखला असलेल्या खाणीचाच माल तो घेणार होता. दाखला मिळवायला छोट्या खाणींना मदत करणारी एक संस्था होती, तिचं माणूस आमच्याकडं येईल असं तो म्हणाला.

माणूस म्हणजे एक मुलगी निघाली. ती गुरुवारी स्कूटरवरून आली. बिरवाडीत कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत तिनं खोली घेतली होती आणि तिथून महाड, पोलादपूर आणि पलीकडच्या खाणी ती फिरायची. घाटावरची, सावळी, लांब वेणीची. कुडत्याखाली जाड तळव्याचे बूट. माझ्या नवऱ्याला "दादा" आणि मला "वहिनी" म्हणाली. खाणीवर सगळे तिला मॅडम म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी तिनं पिशवीतून पांढरे मास्क काढले.

"दादा, जी धूळ डोळ्यांना दिसते तिच्यापेक्षा न दिसणारी वाईट," ती म्हणाली. "ती छातीत जाऊन बसते आणि परत निघत नाही. हा लावा. आणि घडताना दगड ओला ठेवा, बघा किती फरक पडतो."

मी डोक्यावर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन तिथंच उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत नवऱ्यानं मास्क घेतला, नाकावर दाबून बसवला आणि एका गड्याला ओढ्यावर पाण्याला पाठवलं. तासाभरात त्यानं प्लास्टिकच्या कॅनला भोक पाडून तो दगडावर टांगलासुद्धा. पाणी ठिबकत होतं, छिन्नी चालत होती आणि धूळ उडत नव्हती.

रात्री जेवताना मला सांगतो, "पाणी टाकलं ना, की धूळ बसते. ध्यानात ठेवण्यासारखं हाय."

"असं?" मी म्हटलं, आणि आमटी जरा जोरातच वाढली.

तिथून ते सुरू झालं. "मॅडम म्हणतात." सकाळी चहाबरोबर मॅडम म्हणतात, दुपारी भाकरीबरोबर मॅडम म्हणतात. खाण सरळ उभी कापत जायची नाही, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरवायची, म्हणजे वरचा दगड अंगावर येत नाही. काठाला तारेचं कुंपण घालायचं. काढून झालेल्या खड्ड्यात डबर भरून वर माती टाकायची आणि झाडं लावायची. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी द्यायची. एकेक गोष्ट पटण्यासारखी होती, हेच माझं दुखणं होतं. कुंपणाचं तर मी शेजाऱ्यांची म्हैस खड्ड्यात पडली तेव्हाच बोलले होते. त्या वेळी उत्तर मिळालं होतं की म्हशीला डोळे आहेत.

ती दर गुरुवारी यायची, आणि गुरुवारी तो दाढी करायला लागला. आमच्याकडं दाढी रविवारी, तीही कुठं जायचं असलं तर. मी आरशामागं उभी राहून विचारलं, "आज कोणाचं लगीन हाय?"

"मास्क दाढीवर नीट बसत नाय," तो म्हणाला. "हवा जाते बाजूनं. मॅडम म्हणतात."

हेही खरं असणार. तिची प्रत्येक गोष्ट खरी असायची.

कोणी म्हणेल, मला त्या मुलीचा तसला संशय होता. तसला नव्हता. तिचं वागणं सरळ होतं आणि माझा नवराही तसला माणूस नाही. संशय असता तर बरं झालं असतं, चार बायकांत बोलता तरी आलं असतं. माझा मत्सर सांगण्यासारखाच नव्हता. माझंच बोलणं तिच्या तोंडून निघत होतं आणि त्याला तिथं किंमत येत होती. खाणीवरच्या बायकांनाही ती आवडायची. माझी शेजारीण, जी माझ्याबरोबर डबर वाहते, ती म्हणायची, "किती गोड बोलतात गो मॅडम." माझ्या हातची भाकरी आणि कुळथाची पिठी खाऊन ती मुलगी बोटं चाटायची आणि आणखी मागायची. मला तिचा धड रागही करता येईना.

एकदा मी जरा लवकर खाणीवर गेले. दोघं दगडाच्या भिंतीपुढं उकिडवी बसलेली. ती खडूनं दगडावर रेघा ओढून पायऱ्या कुठं यायला हव्यात ते दाखवत होती, तो मान डोलवत होता आणि मध्येच कशावर तरी मोठ्यानं हसला. खाणीवर तो माझ्याशी बोलायचा ते "ठेव तिथं" आणि "पाणी आणलंस काय", एवढंच.

"वहिनी, या ना, बघा," तिनं हाक मारली.

"मला डबर उचलायचंय," मी म्हटलं आणि गाठोडं आपटून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलंच. "ती जे सांगते ते मी सांगत नव्हते काय?"

त्यानं माझ्याकडं खरोखर नवलानं बघितलं. "तू कधी सांगितलंस?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला आठवतच नव्हतं. इतक्या वर्षांची फडकी, तो पाण्याचा विषय, सगळं त्याच्या कानांवरून पावसाच्या आवाजासारखं गेलं होतं. मी भांडी घासायला बसले आणि राखेनं तवा घासत राहिले.

मला एक गोष्ट मात्र त्याच्याकडून करून घ्यायचीच होती. दीर घरी बसले तेव्हापासून मी म्हणत होते, एकदा महाडला जाऊन छातीचा फोटो काढून या. तो टाळायचा. आता मी वाट बदलली. एके दिवशी त्याच्याकडं पाठ करून चुलीपाशी बसल्या बसल्या म्हटलं, "मॅडमचा फोन आला होता. तुमचा लागत नव्हता म्हणून माझ्यावर केला. छातीचा फोटो काढून घ्या म्हणाल्या. दाखल्याला बघतात म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो महाडला गेला.

तो परत येईपर्यंत माझं कशात लक्ष नव्हतं. दारातून वाटेकडं बघत होते, मध्येच दिरांचा खोकला ऐकत होते. उन्हं उतरल्यावर तो आला, हातातली फोटोची मोठी पिशवी माझ्याकडं दिली. डॉक्टर म्हणाले होते, अजून छाती बरी आहे, पण धुळीत असंच काम केलंत तर राहणार नाही, वेळेत सावरलात. मी पिशवी घेऊन आत गेले आणि देवापुढं ठेवली. बाहेर तो थोरल्या भावाला सांगत होता, "मॅडम बोलल्या म्हणून गेलो, नायतर कोण जातंय."

देवापुढं बसून मला एकाच वेळी हायसं वाटलं आणि अंगाची लाही झाली.

गुरुवारी ती आली तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर तिचे आभार मानले. "तुम्ही फोन करून सांगितलंत ते लय बरं झालं, मॅडम. डॉक्टर बोलले, वेळेत आलात."

मी घमेलं घेऊन चालले होते, तिथंच थबकले. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. मग त्याला म्हणाली, "हो, बरं केलंत गेलात ते. आता दर वर्षी काढत चला."

तिनं मला सांभाळून घेतलं, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी ती मला जितकी नकोशी झाली तितकी आधी कधी झाली नव्हती. माझ्या हातात उरलेलं तेवढंही आता तिच्या नावावर गेलं होतं, आणि वर मी तिची मिंधी झाले होते.

निघताना ती घरी आली. ओट्यावर बसली, बुटांची धूळ झटकली.

"वहिनी, तो फोन मी केला नव्हता ना?"

"नाय."

"मग बरं झालं तुम्ही माझ्या नावानं केलात." ती बुटाची नाडी नीट करत राहिली. "माझे बाबा दगडच घडवतात, ठाऊक आहे? पाटे, वरवंटे, जाती. घाटावर रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसतात. खोकतात. मी इतक्या खाणींवर मास्क वाटत फिरते आणि आमच्या घरचा मास्क खुंटीला टांगलेला आहे."

"लावत का नायत?"

"म्हणतात, तू काल जन्मलीस, मला दगडाचं शिकवू नको."

मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. मी तिला चहा दिला आणि न विचारता दुसरा कपही भरला. पण हे बरं वाटणं दुसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंतच टिकलं. पहिल्याच घासाला नवरा म्हणाला, "मॅडम म्हणतात," आणि सगळं पुन्हा होतं तिथं आलं.

या वेळी मॅडमचं म्हणणं माझ्याबद्दल होतं. दाखला हवा असेल तर नियम पाळले जातात की नाही ते बघणारं एक माणूस खाणीवर रोज लागतं. तोंड झाकलंय का, पायात बूट आहेत का, पोरं आत येत नाहीत ना. ते काम मी करावं असं ती म्हणत होती.

"मला नाय जमायचं," मी म्हटलं. मला ते काम फार हवं होतं, पण तिच्या हातून नको होतं. तसेच बरेच दिवस गेले. मग कळलं की शेजारीण तयार झाली आहे, मापाचे बूटसुद्धा बघून ठेवलेत तिनं. त्याच दुपारी मी खाणीवर जाऊन सांगितलं की मी करते. शेजारीण पुढं आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती. मला तिचं मन चांगलं कळत होतं.

मला एक चमकत्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट मिळालं. पहिल्या सकाळी मी ते साडीवर चढवून खाणीच्या तोंडाशी उभी राहिले. नवरा आला, मास्क हनुवटीवर लोंबत होता.

"मास्क वर घ्या."

"अगो, मी मालक हाय."

"मालकाच्या छातीत धूळ जात नाय काय? वर घ्या, मग आत जा."

मागं गडी उभे होते. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, माझ्या जाकिटाकडं बघितलं आणि मास्क वर घेतला. जाकिटानं ते घडवलं, माझ्या बोलण्यानं नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी तो दिवस मला गोड गेला.

पुढं तपासायला एक साहेब आले. शांत माणूस. पायऱ्या उतरून बघितल्या, कुंपण हलवून बघितलं, माल नेण्याचे सरकारी पास बघितले, बायकांना बाजूला घेऊन मजुरीचं विचारलं. मला विचारलं, "कोणाला लागलं तर काय करता?" मी औषधाची पेटी दाखवली, गाडी कोणाची बोलवायची ते सांगितलं. माझा आवाज थरथरला नाही. काही महिन्यांनी दाखला आला. आता आमच्या प्रत्येक घडीव दगडाला एक बिल्ला लागतो. त्यावरच्या चौकटीवर फोन धरला की आमची खाण दिसते, वाडीचं नाव दिसतं. गडी त्याला दगडाचं आधार कार्ड म्हणतात. पुण्याचा व्यापारी नियमित माल उचलतो.

दाखला आल्यावर ती मुलगी आपल्या वडलांना घेऊन आली. त्यांना शिवथरची घळ दाखवायची होती, जाता जाता आमची खाणही. उंच, वाकलेला म्हातारा, डोक्याला टोपी, हाताची बोटं पहारीसारखी. खाणीच्या तोंडाशी तिनं त्यांच्यापुढं मास्क धरला.

"असू दे गं," ते म्हणाले आणि तसेच पुढं निघाले.

मी आडवी झाले. "बाबा, आत जायचं तर तोंड झाकून. इथला नियम हाय."

"बाई, जन्म गेला माझा दगडात."

"आमच्या थोरल्या दिरांचा पण गेला. त्यांना भेटायचंय काय? घर जवळच हाय. पण आपल्याला तिकडं जावं लागेल, त्यांना इथवर चालत येता येत नाय."

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग त्यांना एक खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी दाबली. त्यांनी हात पुढं केला, मास्क घेतला आणि उलटासुलटा करून विचारलं, "हे कसं लावायचं?" मी दोऱ्या कानांमागं अडकवून दिल्या, नाकावरची पट्टी दाबली.

ते खाणभर हिंडले. मडकं वाजवावं तसा दगड बोटांनी वाजवून बघितला, ठिबकणाऱ्या पाण्याखाली हात धरला. मास्क काढला नाही. निघताना मला म्हणाले, "तुम्ही म्हणता ते पटलं. असं कोणी मला सांगितलंच नव्हतं आजवर."

मुलगी त्यांच्या मागंच उभी होती. तिच्या तोंडाकडं बघून मी नजर दुसरीकडं वळवली. ते तोंड कसं होतं ते मला आरसा न बघताही ठाऊक आहे.

पुढं काही दिवसांनी तिचा फोन आला. कामाचं बोलणं झालं, तरी ती ठेवेना.

"बाबा पालावर मास्क लावून बसतात," ती म्हणाली. "दगड ओला करतात. गिऱ्हाइकाला सांगतात, पोलादपूरच्या बाईंनी सांगितलंय. सारखं तेच. पोलादपूरच्या बाई म्हणतात."

"मग चांगलं झालं की."

"चांगलंच झालं," ती म्हणाली, पण आवाज कोरडा होता. "मी शाळेत होते तेव्हापासून सांगतेय, वहिनी."

"माहीत हाय मला," मी म्हटलं. आणि फोन ठेवल्यावर मी बराच वेळ एकटीच हसत होते.

पावसाळा संपल्यावर तिच्या बाबांनी माझ्यासाठी एक पाटा-वरवंटा घडवून पाठवला. तो तिलाच आणावा लागला, पायाशी ठेवून, स्कूटर सांभाळत. ओट्यावर ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"घ्या. माझ्या खोलीवर मी मिक्सरमध्ये चटणी वाटते. मला अजून साधा वरवंटा नाही दिला त्यांनी."

मी तिला जेवायलाच ठेवून घेतलं. त्याच पाट्यावर सुक्या खोबऱ्याची चटणी वाटली. तिनं चटणी पुन्हा पुन्हा घेतली आणि पाट्याकडं अधूनमधून बघत राहिली.

संध्याकाळी नवरा घरी आला, पाटा बघून खाली बसला. कडांवरून अंगठा फिरवला, छिन्नीचे टाके बघितले.

"हात चांगला हाय," तो म्हणाला. "कुठनं आणलास?"

"मॅडमच्या बाबांनी दिला. मला."

त्यानं वरवंटा उचलून हातात तोलला. दुसऱ्या दिवशी खाणीवर मी बघितलं तर तो व्यापाऱ्याच्या मालातून एक लहानसा, बिनशिरेचा दगड बाजूला काढून ठेवत होता. काय करताय म्हणून विचारलं, तर मास्कच्या आतून म्हणाला, "खलबत्ता." कोणासाठी, ते त्यानं सांगितलं नाही, पण बत्त्याच्या जाडीसाठी माझी मूठ मापून घेतली.